सीडीवरची गाणी प्लेअरवर नेताना: एक केबीच्या फाइल्स, चुकलेला क्रम आणि चौकोनी नावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. साधारण ६० ऑडिओ सीडी आहेत. लॅपटॉपला बाहेरून सीडी ड्राइव्ह जोडून सीडीवरच्या सगळ्या फाइल्स १६ जीबीच्या म्युझिक प्लेअरवर ओढल्या. क्षणात कॉपी झाल्या, पण एकही वाजत नाही. मग मित्राकडून काही सीडी ‘रिप’ करून, म्हणजे त्यांतला आवाज वाचून त्याच्या फाइल्स बनवून, घेतल्या. ती गाणी वाजतात, पण त्यांचा क्रम भलताच आहे आणि देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसतात. तर फॉरमॅट कोणता ठेवावा, बिटरेट (सेकंदाला किती डेटा) किती, आणि सगळं झाल्यावर मूळ सीडी देऊन टाकाव्यात का?

ही एक तक्रार नाही, तीन आहेत. पहिली सीडी वाचण्याची, दुसरी प्लेअरच्या सवयींची, तिसरी अक्षरांची. ‘कोणता फॉरमॅट’ हा प्रश्न या तिन्हींपेक्षा सोपा आहे, पण सगळे सुरुवात तिथूनच करतात. माझी पद्धत अशी: सीडी एकदाच, नीट वाचून कॉम्प्युटरवर मूळ दर्जाची प्रत ठेवायची आणि प्लेअरसाठी त्या प्रतीवरून वेगळी, लहान प्रत काढायची. प्लेअर बदलतात, कार्डं खराब होतात, आवडीनिवडी बदलतात. तेवढ्यासाठी पुन्हा ६० सीडी घालत बसण्यात अर्थ नाही.

आधी ‘क्षणात कॉपी झाल्या’ याबद्दल. ऑडिओ सीडीवर एका मिनिटाला साधारण १०.५ एमबी जागा लागते, म्हणजे तासाभराच्या सीडीत ६०० एमबीहून जास्त माल असतो. तो क्षणात येणं शक्यच नाही. विंडोजमध्ये सीडी उघडली की दिसतात त्या सीडीए फाइल्स प्रत्येकी ४४ बाइटच्या असतात, पडद्यावर १ केबी दिसतात. त्यात गाणं नसतं. अमुक ट्रॅक सीडीवर कुठे सुरू होतो आणि किती लांब आहे, एवढाच पत्ता असतो. तुम्ही पत्त्याची चिठ्ठी नेलीत, घर जागेवरच राहिलं. ऑडिओ सीडीवर मुळात फाइल्स नसतातच. आतून बाहेर जाणारी एक लांबच लांब सर्पिल पट्टी आणि सुरुवातीला ट्रॅकची अनुक्रमणिका, एवढंच असतं. फाइल्स दाखवणं ही ऑपरेटिंग सिस्टमने केलेली सोय आहे. मॅकवर हीच सोय जरा पुढची असते. तिथे ट्रॅक एआयएफएफ फाइल म्हणून दिसतात आणि ओढले तर खरंच आवाज कॉपी होतो. त्यामुळे ‘माझ्याकडे तर नुसतं ओढून चालतं’ असं सांगणारा माणूसही खोटं बोलत नसतो.

एक अपवाद आधीच तपासा. सीडीवर १००-१५० गाणी असतील आणि प्रत्येक फाइल ३ ते ५ एमबीची दिसत असेल, तर ती ऑडिओ सीडी नाही, एमपीथ्री भरलेली डेटा सीडी आहे. तिथे रिप वगैरे काही नाही, सरळ कॉपी करा. त्या फाइल्स ‘दर्जा वाढावा’ म्हणून फ्लॅकमध्ये (आवाज न गाळता फाइल लहान करणाऱ्या फॉरमॅटमध्ये) बदलू नका. एकदा गाळलेला आवाज परत येत नाही, फाइल मात्र फुगते.

आता रिप करताना नेमकं काय बिघडतं ते पाहू, कारण प्रोग्राम कोणता घ्यायचा हे त्यावरच ठरतं. सीडीचा आवाज सेकंदाला ७५ तुकड्यांत वाचला जातो आणि प्रत्येक तुकडा २,३५२ बाइटचा असतो. डेटा सीडीवर तेवढ्याच जागेत कामाचा माल २,०४८ बाइटच असतो. उरलेले ३०४ बाइट पत्ता आणि जादा चूकदुरुस्तीसाठी राखलेले असतात. ऑडिओ सीडीत हा जादा थर नाही. दुरुस्तीची मूळ व्यवस्था आहे आणि ती बरीच ताकदवान आहे, पण तिच्याही आवाक्याबाहेर चरा गेला की ड्राइव्ह शेजारच्या आकड्यांवरून मधला आकडा अंदाजाने भरतो. गाणं ऐकण्यापुरती ही युक्ती उत्तम. प्रत काढताना मात्र तीच घातक ठरते, कारण कॉपी ‘यशस्वी’ दिसते आणि तीन महिन्यांनी हेडफोनमध्ये ‘टिक्’ ऐकू येते.

म्हणून प्रोग्राम असा हवा की जो स्वतःच्या वाचनावर संशय घेतो. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी, लिनक्सवर व्हिपर. तिन्हीकडे एकच हवा असेल आणि सेटिंगांचा कंटाळा असेल तर फ्री-एसी. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीच्या ‘सिक्युअर’ मोडमध्ये प्रत्येक तुकडा किमान दोनदा वाचला जातो. दोन वाचनं जुळली नाहीत तर तोच भाग १६ वेळा वाचला जातो, आणि त्यातली निदान ८ वाचनं सारखी आली तरच तो खरा धरला जातो. यासाठी ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये एक गोष्ट बरोबर असावीच लागते: ड्राइव्ह वाचलेला आवाज आपल्या कॅशमध्ये (तात्पुरत्या मेमरीत) ठेवतो का. ठेवत असेल आणि प्रोग्रामला ते माहीत नसेल, तर दुसरं वाचन सीडीवरून होतच नाही, कॅशमधलीच प्रत परत येते, आणि चूक स्वतःशीच जुळते! एफ-१० दाबून ड्राइव्ह ऑप्शन्समध्ये ‘डिटेक्ट रीड फीचर्स’ चालवा, तेही एखादी चरा नसलेली सीडी घालून. सी-टू एरर माहितीवर (वाचन कुठे चुकलं हे ड्राइव्ह स्वतः सांगतो, त्यावर) विसंबण्याचा पर्याय मी बंदच ठेवतो. काही ड्राइव्ह ही माहिती देतात म्हणतात, पण नीट देत नाहीत.

दुसरी खात्री ॲक्युरेटरिपची, म्हणजे इतरांच्या रिपची नोंद ठेवणाऱ्या ऑनलाइन साठ्याची. तुमच्या वाचनातून निघालेली पडताळणीची बेरीज इतरांनी त्याच सीडीच्या वाचनातून काढलेल्या बेरजेशी ताडून पाहिली जाते. वेगळ्या ड्राइव्हवर, वेगळ्या माणसाने, वेगळ्या प्रतीवरून काढलेला आकडा तुमच्याशी तंतोतंत जुळला, तर विषय संपला. न जुळणं म्हणजे चूकच असं मात्र नाही. तुमची छपाई वेगळी असू शकते, किंवा ती सीडी अजून कुणी नोंदवलेलीच नसेल. अशा वेळी ‘टेस्ट अँड कॉपी’ करा. प्रत्येक ट्रॅक दोन पूर्ण फेऱ्यांत वाचला जातो आणि दोन्हीचा सीआरसी हा पडताळणीचा आकडा सारखा आला तर मी तो ट्रॅक पास करतो.

हे सगळं प्रत्येकाला हवंच का? नाही. सीडी नवी कोरी, संख्या पाच-सहा, आणि ऐकणं प्रवासातलं असेल तर विंडोज मीडिया प्लेअर किंवा आयट्यून्सही चालेल. फक्त दोन गोष्टी बघा. आयट्यून्सच्या इम्पोर्ट सेटिंग्जमध्ये चूकदुरुस्तीचा पर्याय असतो, त्यावर खूण करा. विंडोज मीडिया प्लेअरमध्ये रिप करण्याआधी फॉरमॅट पाहा. तो डब्ल्यूएमएवर राहिला असेल तर बरेच प्लेअर त्या फाइल्स नाकारतात, आणि ‘कॉपी प्रोटेक्ट’वर खूण असेल तर दुसऱ्या यंत्रावर त्या उघडतही नाहीत.

फॉरमॅटचं गणित तुमच्याच आकड्यांवर करू. ६० सीडी, सरासरी ५० मिनिटांच्या धरल्या तर ३,००० मिनिटं. वेव्हमध्ये (न दाबलेल्या मूळ रूपात) तेवढ्याला ३० जीबीच्या वर जागा लागेल. फ्लॅकमध्ये मिनिटाला साधारण ५ ते ७ एमबी, म्हणजे १५ ते २१ जीबी. ३२० केबीपीएसच्या एमपीथ्रीत मिनिटाला २.४ एमबी, एकूण ७ जीबीच्या आसपास. लेम या एमपीथ्री बनवणाऱ्या एन्कोडरच्या व्ही-० सेटिंगला, जिथे बिटरेट बदलता असून सरासरी २४५ केबीपीएसच्या आगेमागे राहते, साडेपाच जीबी. व्ही-२ ला, सरासरी १९० च्या आसपास, सव्वाचार जीबी. १६ जीबीच्या प्लेअरमध्ये प्रत्यक्ष मोकळी जागा १५ च्याही खालीच असते. त्यामुळे फ्लॅकमध्ये सगळं मावेल यावर विसंबू नका, एमपीथ्रीत निवांत मावेल.

म्हणून कॉम्प्युटरवर फ्लॅक आणि प्लेअरवर एमपीथ्री व्ही-०. फ्लॅक म्हणजे गाळणी न लावता घडी घालून ठेवलेला कपडा. उलगडला की धागा न् धागा जागेवर. ‘कॉम्प्रेशन लेव्हल’ ० ते ८ मधली कोणतीही घेतली तरी आवाज तोच राहतो, फरक पडतो तो वेळेत आणि आकारात. मूळचा ५ ठीक आहे. व्ही-० आणि ३२० यांत कानाला फरक पडेल असं मला वाटत नाही, आणि रस्त्याच्या गोंगाटात इअरफोनवर तर व्ही-२ ही पुरे. फक्त प्लेअर फार जुना असेल तर बदलत्या बिटरेटच्या फाइल्सची लांबी तो चुकीची दाखवतो आणि गाणं पुढे ढकलताना भलत्याच जागी उडी मारतो. तसं दिसलं तर स्थिर २५६ किंवा ३२० वापरा. सँपल रेट (आवाजाचे सेकंदाला किती नमुने) ४४.१ किलोहर्ट्झच ठेवा. ४८ केल्याने काही सुधारत नाही, उगाच एक रूपांतर वाढतं. आयपॉड असेल तर तिथे फ्लॅक चालत नाही, लॉसलेस हवं असल्यास अॅपल लॉसलेस घ्यावं लागतं. शिवाय गाणी फोल्डरमध्ये ओढून चालत नाही, आयट्यून्समधून सिंकच करावं लागतं.

आता नावं. सीडीवर बहुतेक वेळा गाण्यांची नावं लिहिलेलीच नसतात. सीडी-टेक्स्ट नावाची सोय आहे, पण ती मोजक्याच सीडींवर भरलेली असते. प्रोग्राम ट्रॅकच्या लांब्यांवरून सीडी ओळखतो आणि इंटरनेटवरच्या म्युझिकब्रेन्झसारख्या साठ्यातून नावं आणतो. लांब्या योगायोगाने जुळल्या की भलत्याच अल्बमची नावं येतात. ही नावं लोकांनीच भरलेली, त्यामुळे एकाच गायकाचं नाव तीन प्रकारे लिहिलेलं सापडतं आणि प्लेअर त्याचे तीन गायक करतो. रिपचं बटण दाबण्याआधी दोन मिनिटं घालवून हे तिथेच सुधारा. नंतर ६०० फाइल्स उघडून सुधारणं हा छळ आहे. (नंतर करायची वेळ आलीच तर एमपीथ्रीटॅग हा प्रोग्राम घ्या, शेकडो फाइल्स एकदम हाताळतो.) अनेक गायकांच्या संग्रहात ‘अल्बम आर्टिस्ट’ हा रकाना सगळ्या ट्रॅकना सारखाच भरा, नाहीतर एका अल्बमचे दहा तुकडे होतात. हा रकाना न वाचणारे प्लेअरही आहेत, तिथे फोल्डरनुसार ऐकणं हाच उपाय.

क्रम चुकण्याची कारणं दोन, आणि आधी आपलं कोणतं ते ओळखायला हवं. तुम्ही ‘अल्बम’ मेन्यूतून ऐकत असाल तर प्लेअर टॅगमधला (फाइलच्या आत लिहिलेल्या नाव-गायक वगैरे माहितीतला) ट्रॅक क्रमांक बघतो. तो रिकामा असेल तर गाणी नावाच्या अक्षरक्रमाने लागतात. दोन सीडींचा संच असेल तर बरेच प्लेअर डिस्क क्रमांक बघतच नाहीत आणि पहिल्या सीडीचं पहिलं गाणं, दुसरीचं पहिलं, मग पहिलीचं दुसरं अशी वेणी घालतात. अशा संचाला मी प्लेअरच्या प्रतीत क्रमांकच १०१, १०२ आणि २०१, २०२ असे देतो.

फोल्डरमधून ऐकत असाल तर गोष्ट वेगळी. काही प्लेअर फाइल्स नावाने लावतात, त्यांच्यासाठी क्रमांक दोन आकडी हवा: ०१, ०२. नुसते १, २ लिहिले तर १ नंतर १० आणि ११ वाजतात, मग २. आणि हे क्रमांक इंग्रजी आकड्यांतच द्या, देवनागरी आकडे सगळ्या प्लेअरना कळतात असं नाही. काही साधे प्लेअर नावाकडे ढुंकूनही बघत नाहीत. कार्डाच्या फॅट तक्त्यात (आतल्या फाइल्सच्या यादीत) फाइल्सची नोंद ज्या क्रमाने झाली, त्याच क्रमाने ते वाजवतात. विंडोजमध्ये दहा फाइल्स निवडून ओढल्या तर ज्या फाइलवर माउस धरला होता ती आधी लिहिली जाते, बाकीच्या मागून. म्हणजे सातव्या गाण्याला धरून ओढलं तर प्लेअरवर पहिलं गाणं सातवं. मित्राने दिलेल्या गाण्यांचं हेच झालं असण्याची शक्यता दाट आहे. प्लेअरवरचा तो फोल्डर पुसा, कॉम्प्युटरवर नावं दोन आकडी करा आणि सुट्या फाइल्स न ओढता अख्खा फोल्डर एकदम कॉपी करा. तरी नाहीच जमलं तर फॅटसॉर्टसारखं साधन तक्त्यातल्या नोंदी नावानुसार लावून देतं. एकेका सीडीला एक फोल्डर, ही शिस्त इथे फार उपयोगी पडते.

देवनागरीचं निदान पडद्यावर काय दिसतं त्यावरून होतं. प्रश्नचिन्हं दिसत असतील तर अक्षरं टॅग लिहितानाच हरवली आहेत, फाइलमध्ये ती उरलीच नाहीत. पुन्हा टाइप करण्याला पर्याय नाही. डोक्यावर टोप्या आणि टिंबं असलेली युरोपीय अक्षरं दिसत असतील तर टॅग युनिकोडमध्ये आहे, पण प्लेअर तो जुन्या पद्धतीने वाचतोय. तुमच्यासारखे चौकोन दिसत असतील तर टॅग बहुधा ठीक आहे, प्लेअरकडे देवनागरीचा फाँटच नाही. चौथा प्रकार असा की अक्षरं दिसतात, पण जोडाक्षरं फुटलेली आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर पडलेली. म्हणजे फाँट आहे, अक्षरं जोडण्याची अक्कल नाही. दुसऱ्या प्रकारावर इलाज आहे: एमपीथ्रीटॅगच्या सेटिंगमध्ये आयडीथ्री (एमपीथ्रीच्या टॅगची पद्धत) आवृत्ती २.३ आणि यूटीएफ-१६ (युनिकोड लिहिण्याचा एक प्रकार) निवडून टॅग पुन्हा साठवा. २.४ आवृत्ती बऱ्याच जुन्या प्लेअरना झेपत नाही. आवृत्ती १ चे टॅग तर लिहूच नका. त्यात नावाला ३० बाइटच जागा आणि देवनागरीची सोय नाही. तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारात प्लेअरचं सॉफ्टवेअर अपडेट होत असेल तर ते करून बघा, नाहीतर प्लेअरच्या प्रतीत नावं रोमन लिपीत द्या. दोन प्रती वेगळ्या ठेवण्याचा फायदा इथेही दिसतो. कॉम्प्युटरवरच्या फ्लॅकमध्ये देवनागरी नावं शाबूत राहतात.

छोट्या गोष्टी भराभर. मुखपृष्ठाचं चित्र ५०० बाय ५०० पिक्सेलच्या आत ठेवा आणि जेपेग ‘प्रोग्रेसिव्ह’ नको, साधं ‘बेसलाइन’ ठेवा. चित्र दिसत नाही या तक्रारींत बऱ्याचदा हेच निघतं. एका सीडीचा आवाज मोठा आणि दुसरीचा बारीक वाटत असेल तर रिप करताना ‘नॉर्मलाइझ’ (आवाजाचीच पातळी बदलणं) करू नका. फ्लॅकमध्ये रिप्लेगेनचे (पातळी किती हलवायची ते प्लेअरला सांगणारे) टॅग घाला, आणि प्लेअर ते मानत नसेल तर फक्त एमपीथ्री प्रतीवर एमपीथ्रीगेन चालवा. ते १.५ डेसिबलच्या पायऱ्यांनी पातळी हलवतं, आवाज पुन्हा एन्कोड करत नाही. सलग मैफलीत ट्रॅक बदलताना बारीक खंड पडत असेल तर तो रिपचा दोष नाही. एमपीथ्री १,१५२ सँपलच्या चौकटींत भरला जातो, शेवटची चौकट शांततेने भरावी लागते, आणि ती शांतता वगळण्याची समज प्लेअरमध्ये नसेल तर खंड ऐकू येतो. अशा सीडीचा अख्खा एकच ट्रॅक करून टाका, किंवा प्लेअरला फ्लॅक चालत असेल तर तेवढीच सीडी फ्लॅकमध्ये ठेवा. मॅकवरून कॉपी केल्यास प्रत्येक गाण्याच्या जोडीला टिंब आणि अधोरेषेने सुरू होणारी एक लपलेली फाइल कार्डावर येते. प्लेअर तिला गाणं समजून अडखळतो, ती पुसून टाका. आणि प्लेअर काढण्याआधी ‘इजेक्ट’ कराच. कॉपीची पट्टी पडद्यावर शंभर टक्क्यांवर पोचली तरी लिहिणं कधीकधी चालूच असतं.

एखादी सीडी अडून बसली तर आधी पुसा. मऊ, धागे न सोडणारं कापड घ्या आणि मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल गोल नाही. पट्टीच्या दिशेने पडलेला चरा सलग बराच माल खातो, आडवा पडलेला थोडाथोडा, आणि थोडाथोडा दुरुस्त होतो. जपायची ती छापील बाजू. चमकता थर तिच्या लगेच खाली, पातळ लाखेच्या आड असतो. खालच्या बाजूला मिलिमीटरभर प्लॅस्टिक असतं, म्हणून तिथले चरे बरेचदा निभावतात. छापील बाजू खरवडली आणि आरपार उजेड दिसला तर तो भाग गेलाच. पुसूनही जमलं नाही तर वेग कमी करा, ४ किंवा ८ पट. मग दुसरा ड्राइव्ह. ड्राइव्हागणिक फरक आश्चर्य वाटण्याइतका असतो. लॅपटॉपला जोडायचा बारीक ड्राइव्ह सारखा थांबत असेल तर तो हबमधून काढून थेट पोर्टला लावा, पुरेशी वीज मिळत नसते. एक ट्रॅक तास-तास खात असेल तर सोडून द्या. ड्राइव्ह तापतो आणि तापलेला ड्राइव्ह पुढच्या चांगल्या सीडीही धड वाचत नाही. त्या ट्रॅकची नोंद ठेवा आणि शेवटी सवडीने बघा.

वेळेचा अंदाज: सिक्युअर मोडमध्ये चांगल्या सीडीला १० ते २० मिनिटं धरा. दिवसाला पाच सीडी केल्या तर १२ दिवस. एका बैठकीत ६० करायला गेलात तर शेवटच्या वीस सीडींची नावं कुणीच तपासत नाही.

राहता राहिलं, मूळ सीडी द्याव्यात का. स्वतःच्या सीडीची स्वतःपुरती प्रत काढण्याबाबतचे नियम देशागणिक वेगळे आहेत, पण प्रत ठेवून मूळ सीडी दुसऱ्याला देणं ही वेगळी बाब आहे आणि तिथे बाजू लंगडी पडते. व्यवहाराच्या अंगाने बघितलं तरी मी देणार नाही. फ्लॅकचा फोल्डर एकाच हार्ड डिस्कवर असेल तर ती डिस्क गेल्याच्या दिवशी ६० सीडीच तुमचा बॅकअप असतात. दुसऱ्या डिस्कवर आणखी एक प्रत करा आणि प्रत्येक सीडीच्या फोल्डरमध्ये रिपची लॉग फाइल (प्रोग्रामने लिहिलेली वाचनाची नोंद) राहू द्या. पुढे कधी गाण्यात ‘टिक्’ ऐकू आली तर ती सीडीची, रिपची की कार्डाची, हे त्या लॉगवरून मिनिटात कळतं. सीडी खोक्यात भरा, उभ्या ठेवा, उन्हापासून लांब.